फिरत्या सॉ मिलचा मेंटेनन्स: करार करायचा की स्वतः पाना उचलायचा?

ज्यांना कानात इअरफोन घालायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना थोडं इकडेतिकडे झालं होतं, ते इथे नीट लावून घेतलंय.

विषय जरा वेगळा आहे. माझा मामेभाऊ रत्नागिरी जिल्ह्यात लाकूड कापायचं काम करतो. त्याच्याकडे ट्रॉलीवर बसवलेली बँडसॉ आहे, म्हणजे ओंडका जागेवर राहतो आणि कापणारं डोकं रुळावरून पुढे सरकतं. मशीन कर्जावर घेतलेलं. सर्व्हिसवाल्याने त्याच्यापुढे वर्षाचा करार ठेवला, आणि त्याने मला फोन केला, "दादा, तू इंजिनिअर आहेस ना, सांग, घेऊ की नको?" मी सॉफ्टवेअरवाला. पण चालू असलेली गोष्ट बंद पडू नये म्हणून पैसे कुठे घालायचे, हा प्रश्न आमच्याही रोजच्या कामातला आहे. म्हणून मॅन्युअल वाचलं, त्याच्याकडून सगळं समजून घेतलं आणि हिशोब मांडला.

(एक गोष्ट आधीच: आरागिरणीला वनखात्याचा परवाना लागतो. मशीनला चाकं आहेत म्हणून ते चुकत नाही. परवान्याचं पक्कं झाल्याशिवाय मेंटेनन्सचा विचारही करू नका.)

मशीनमध्ये नक्की काय बिघडतं?

बँडसॉची पट्टी म्हणजे पोलादी गोल पट्टा. रुंदी साधारण 32 मिलिमीटर, जाडी एक मिलिमीटरच्या आसपास. दोन चाकांवरून ती सेकंदाला 25 मीटरच्या घरात पळते, म्हणजे हायवेवरच्या गाडीइतक्या वेगाने. पट्टी पातळ म्हणून भुसा कमी आणि फळ्या जास्त. पण पातळ म्हणूनच ती नाजूक. प्रत्येक फेरीत चाकावर वाकते, सरळ होते, आणि हळूहळू थकते. काम संपल्यावर तिचा ताण सैल करून ठेवा असं सांगतात, ते यासाठीच.

आता फळी लाटेसारखी निघायला लागली की बहुतेकांना वाटतं, मशीन गेलं. थांबा. आधी नवी, धारदार पट्टी लावून बघा. फळी सरळ आली, तर मशीन ठीक आहे. जुन्या पट्टीची धार गेलीय किंवा दातांचा सेट बिघडलाय. बांधावरच्या झाडात कुंपणाची तार किंवा जुना खिळा असतोच, सालीत माती असते. धार जायला तेवढं पुरतं. नव्या पट्टीनेही लाट आली, तर पट्टीचा ताण बघा, मग दोन्ही बाजूंचे गाइड रोलर. अनेक मशीनवर हे रोलर पट्टीला साधारण पाव इंच खाली दाबून ठेवतात. तुमच्या मशीनचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. आमच्या भाषेत हे डिबगिंगच आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आणि फळी एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला पातळ येत असेल तर? फिरत्या मशीनमध्ये पहिला संशय जमिनीवर घ्या. ओल्या मातीत एक पाय बोटभर खचला की रूळ वाकडे होतात. मशीन हलवलं की लेव्हल परत लावायची, दर वेळी. यासाठी कुठलाही सर्व्हिसवाला तुमच्या मागे गावोगाव फिरणार नाही. ही विद्या स्वतःलाच यायला हवी.

कामांचे तीन ढीग करा

पहिला ढीग रोजचा: भुसा साफ करणं, पट्टी बदलणं, ताण बघणं, पट्टीवर सोडायच्या पाण्याची टाकी भरणं, ग्रीस, इंजिनचं ऑइल, एअर फिल्टर, लेव्हल. हे बाहेर देताच येत नाही. करार असो वा नसो, हे तुमचंच.

दुसरा ढीग मोजमापाचा आणि कसबाचा: पट्टीला धार आणि सेट, चाकांचं अलाइनमेंट, बेअरिंग बदलणं. इथे पैसे द्या, पण कामागणिक. चार-पाच पट्ट्या जवळ ठेवल्या की बोथट झालेल्या एकत्र धारेला पाठवता येतात, काम थांबत नाही.

तिसरा ढीग जिवाचा: चाकाला चीर, गार्डचं तुटलेलं माउंटिंग, इमर्जन्सी स्टॉप, हायड्रॉलिकची गळती, वायरिंग. इथे हिशोब करायचाच नाही. मशीन बंद, जाणकार माणूस बोलवा. पट्टी तुटली की ती चाबकासारखी उसळते; मध्ये फक्त ते गार्ड असतं.

मग करार?

आता आकडे. समजा करार वर्षाला 36,000 रुपयांचा आहे आणि खर्च जाऊन दिवसाला 4,000 सुटतात. म्हणजे करार परवडायला त्याने वर्षाला 9 बंद दिवस वाचवायला हवेत.

समजा गेल्या वर्षी मशीन 11 दिवस बंद होतं. त्यातले 6 दिवस पट्टी, पाणी, बेल्ट अशा पहिल्या ढिगातल्या कारणांनी. 4 दिवस पार्टची वाट बघण्यात. 1 दिवस अलाइनमेंटसाठी. करारवाला पार्ट स्वतः साठवून ठेवत नसेल, तर तो वाचवणार फक्त 1 दिवस. पार्टची लेखी हमी देत असेल, तरी 5. दोन्ही वेळा करार तोट्यात.

पण दिवसाला 8,000 सुटत असतील, तर साडेचार दिवसांतच पैसे वसूल. मग पार्टच्या हमीसह तोच करार फायद्याचा. करार तोच, उत्तर वेगळं. म्हणून सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा: मे महिन्यात फोन केला तर किती तासांत येणार? कुठले पार्ट तयार ठेवणार? मशीन दुसऱ्या गावात असेल तर येणार का? उत्तरं कागदावर घ्या. "येतो ना साहेब, लगेच" याला हमी म्हणत नाहीत.

भावाने करार घेतला नाही. पावसाळा उतरल्यावर, हंगामाआधी एक दिवस मेकॅनिक बोलवायचा, पूर्ण तपासणी करून घ्यायची आणि लेव्हल-अलाइनमेंट त्याच्याकडून शिकून घ्यायचं, असं ठरलं. सोबत एक जादा बेल्ट, दोन बेअरिंग, गाइड रोलरची जोडी घरात. आणि माझी एक अट: मोबाइलमध्ये रोज एक ओळ लिहायची. तारीख, मशीन किती तास चाललं, किती वेळ बंद, कारण काय. कारण वरचा सगळा हिशोब "गेल्या वर्षी किती दिवस बंद होतं" या आकड्यावर उभा आहे, आणि तो आकडा आठवणीतून काढला की हमखास चुकतो. ज्या दिवशी आपण वैतागलो तेवढेच दिवस आठवतात.

तुमच्या घरी उसाचा चरक असेल, पिठाची गिरणी असेल, ब्रश कटर असेल, तर हेच तीन ढीग करून बघा आणि कुठल्या ढिगात काय पडलं ते मला व्हॉइस नोटवर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर गार्ड लावल्याशिवाय मशीन सुरू करू नका!