दुकानाला पत्ता एकच

आज आपण बोलणार आहोत ते आपल्या ऑनलाइन दुकानाच्या पत्त्याबद्दल. विषय कोरडा वाटेल, पण यापायी आमची अर्धी दिवाळी गेली होती, म्हणून तोच घेतलाय.

पालम तालुक्यातल्या आमच्या काही गटांनी मिळून एक दुकान इंटरनेटवर टाकलं. कारळाची चटणी, जवसाची चटणी, काळा मसाला, ज्वारीचे पापड, चकलीची भाजणी असा माल. लेबलं छापून आणली, त्यावर दुकानाचा पत्ता घातला. वसुबारसेला चार दिवस राहिले असताना पुण्याहून एका गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. "ताई, लेबलावरचा पत्ता टाकला तर मोबाइल लाल खूण दाखवतोय. कनेक्शन खाजगी नाही, माहिती चोरीला जाऊ शकते म्हणतोय. पैसे भरू का नको?" आम्ही लगेच आमच्या फोनवर बघितलं. दुकान नीट उघडत होतं. आम्ही म्हटलं, तुमच्याच फोनचं काहीतरी असेल. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींचे फोन आले, तेव्हा डोळे उघडले.

झालं होतं असं. ज्या मुलानं दुकान बांधून दिलं, त्यानं आम्हाला व्हॉट्सअॅपवर जी लिंक पाठवली होती तिच्या सुरुवातीला तीन डब्ल्यू होते. आम्ही सगळ्या जणी तीच लिंक दाबून दुकान बघायचो. लेबलावर मात्र जागा कमी म्हणून आम्ही ते तीन डब्ल्यू गाळले होते. आम्हाला वाटलं, एकच तर आहे! सुरक्षेचं प्रमाणपत्र घेतलेलं होतं ते फक्त तीन डब्ल्यूवाल्या पत्त्याचं. लेबल वाचून येणारं गिऱ्हाईक दुसऱ्याच दारावर जात होतं, आणि त्या दाराचं प्रमाणपत्र नव्हतं. तीन जणींनी फोन केला म्हणून कळलं. न बोलता किती जणी परत गेल्या ते कळायला मार्ग नाही. भाजणीची भरलेली पाकिटं मात्र आमच्यासमोर पडून होती.

आपल्याला हे नवीन नाही खरं तर. आधारवर 'लक्ष्मीबाई' आणि पासबुकावर नुसतं 'लक्ष्मी' असेल तर बँकेत काय होतं ते प्रत्येक गटात एकीनं तरी भोगलंय. समोर बाई उभी आहे, सगळं गाव ओळखतं, पण संगणक म्हणतो या दोघी वेगळ्या. दुकानाच्या पत्त्याचंही तसंच. पत्त्याच्या सुरुवातीला एकतर एचटीटीपी असतं किंवा एचटीटीपीएस. त्यापुढे तीन डब्ल्यू असतात किंवा नसतात. म्हणजे एकाच नावाचे चार पत्ते झाले. माणसाला चारी एकच वाटतात, संगणकाच्या लेखी ती चार वेगळी दुकानं असू शकतात. त्यातलं आपलं खरं कोणतं, हे आपणच ठरवून सांगावं लागतं.

आता यातला पहिला प्रश्न, शेवटी 'एस' हवा का नको, हा प्रश्नच नाही. हवाच. एस म्हणजे सिक्युअर, सुरक्षित. पोस्टकार्ड आणि बंद पाकीट यातला फरक घ्या. पोस्टकार्ड पोस्टमननं वाचलं, शेजारणीनं वाचलं, कुणीही वाचलं तरी पाठवणारीला पत्ता लागत नाही. एस नसलेल्या दुकानात गिऱ्हाइकानं टाकलेलं नाव, घरचा पत्ता, फोन नंबर, पासवर्ड हे सगळं पोस्टकार्डासारखं उघडं जातं. एस असला की ते पाकिटात बंद होऊन जातं, वाटेत कुणाला वाचता येत नाही आणि बदलताही येत नाही. जुलै 2018 पासून गूगलचा क्रोम एस नसलेल्या प्रत्येक पानावर 'सुरक्षित नाही' असं लिहून दाखवतो. असं लिहिलेल्या दुकानात तुम्ही तरी पैसे भराल का?

या एससाठी जे प्रमाणपत्र लागतं त्याचे कुणी वर्षाला हजारो रुपये सांगितले तर आधी थांबा. लेट्स एन्क्रिप्ट नावाची ना-नफा संस्था 2015 पासून सगळ्यांना हे प्रमाणपत्र फुकट देते, आणि आपल्यासारख्या दुकानाला ते पुरतं. नेहमीच्या प्रमाणपत्राची मुदत 90 दिवसांची असते. पण नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करता येते. ती केली आहे का, एवढं विचारून घ्यायचं. आणि आम्ही जे विचारलं नव्हतं तेही विचारायचं: प्रमाणपत्रात दोन्ही नावं आहेत का, तीन डब्ल्यूसकट आणि तीन डब्ल्यूशिवाय? एकाच प्रमाणपत्रात दोन्ही बसतात, त्याला जास्तीचे पैसे पडत नाहीत.

जाता जाता एक सांगते. कुलूप आहे म्हणजे दुकानदार प्रामाणिक आहे असं नाही. पाकीट बंद आहे एवढाच त्याचा अर्थ. ते पाकीट चोराच्याच घरी चाललं असेल तर बंद असून काय फायदा? फसवणारेही तेच फुकटचं प्रमाणपत्र घेतात. लोकांची अशी गैरसमजूत होते म्हणून क्रोमनं 2023 मध्ये पत्त्याजवळचं कुलपाचं चित्रच काढून टाकलं. म्हणून पत्ता वाचायला शिका. एचटीटीपीएसनंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी जे नाव आणि डॉट इन किंवा डॉट कॉम असेल, तो खरा मालक. त्याच्या डावीकडे कितीही ओळखीची नावं चिकटवलेली असोत. आणि फसवणूक झालीच तर 1930 या नंबरवर लगेच फोन करायचा, लाजत बसायचं नाही.

दुसरा प्रश्न, तीन डब्ल्यू ठेवायचे की काढायचे? यावर आमच्या बैठकीत चांगली तासभर चर्चा झाली. वयानं मोठ्या बायांचं म्हणणं, तीन डब्ल्यू दिसले की माणसाला कळतं हा इंटरनेटचा पत्ता आहे. तरुण पोरींचं म्हणणं, आता कोण लिहितं ते! गूगलला विचाराल तर त्याला दोन्ही सारखेच, एकाला जास्त मान असं काही नाही. मोठ्या कंपन्यांना तीन डब्ल्यू ठेवल्यानं काही तांत्रिक सोयी मिळतात. एकाच नावाखाली त्यांची दहा वेगवेगळी कामं चालतात, ती वेगळी ठेवायला बरं पडतं. आपलं एकच दुकान. आम्ही तीन डब्ल्यू काढले. दोनशे ग्रॅमच्या पाकिटावर अक्षरं मोठी छापता येतात, आणि फोनवर पत्ता सांगताना 'डब्ल्यू डब्ल्यू डब्ल्यू' म्हणता म्हणता निम्म्या वेळा समोरची मोजदाद चुकते. तुमच्या गटाला ठेवावेसे वाटले तर खुशाल ठेवा. फक्त एकदा ठरवा आणि मग बदलू नका.

ठरवल्यावर उरलेले तीन पत्ते बंद करायचे नाहीत. ते या एका पत्त्याकडे वळवायचे. जुन्या जागी आलेल्या गिऱ्हाइकाला दारावरची पाटी नव्या जागेकडे पाठवते तसं, पण इथं गिऱ्हाइकाला चालावंही लागत नाही, आपोआप पोचतं. दुकान बांधणाऱ्याला सांगताना नेमका शब्द वापरा: '301 रिडायरेक्ट'. 301 म्हणजे कायमचं वळवलं. 302 म्हणजे तात्पुरतं. फोन कायमचं वळण लक्षात ठेवतो, म्हणूनच म्हटलं की आधी नीट ठरवा. आणि नुसतं पहिलं पान वळवून भागत नाही, चटणीचं पान, भाजणीचं पान, सगळी वळली पाहिजेत. पूर्वी गूगलला एका ठिकाणी सांगता यायचं की आमचा आवडता पत्ता हा. 2019 मध्ये त्यांनी ती सोय काढली. आता गूगल आपलं वळण बघतं, आणि पानाच्या आत 'कॅनॉनिकल' नावाची एक ओळ असते ती बघतं. तीही दुकान बांधणाराच टाकतो. त्यात आपला ठरलेलाच पत्ता आहे ना, एवढं विचारा.

हे न केल्यानं आणखी एक गंमत होते, ती आमच्याकडेही झाली. गिऱ्हाईक एका पत्त्यावरून आत येऊन टोपलीत चार वस्तू टाकतं. मध्येच एखादी लिंक दुसऱ्या पत्त्याची निघते आणि टोपली रिकामी होते! कारण टोपलीची आठवण फोन ज्या त्या पत्त्याच्या नावावर ठेवतो. आम्ही कितीतरी दिवस समजत होतो की लोक माल भरून विचार बदलतात.

नावाबद्दलही थोडं. नुसतं 'पालम' घेऊ नका असं आम्ही अनुभवानं सांगतो. ते शोधलं की फोन दिल्लीच्या विमानतळाजवळच्या पालमला नेऊन सोडतो. जोडीला परभणी घातलं की आपण सापडतो. इंग्रजी अक्षरांत चटणी तरी किती तऱ्हेनं लिहितात! म्हणून असं नाव घ्या की रेडिओवर ऐकून लिहिता येईल. देवनागरीतही पत्ता मिळतो बरं का, शेवटी 'डॉट भारत' असलेला. 2014 पासून ती सोय आहे. आम्हाला तो फार आवडला. पण ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की माणूस भलतीकडे जातो, आणि काही ठिकाणी फॉर्म तो पत्ता घेतच नाही. म्हणून मुख्य पत्ता इंग्रजी अक्षरांचा ठेवायचा आणि देवनागरी पत्ता घेतलाच तर तोही मुख्य पत्त्याकडे वळवायचा, असं आमचं मत पडलं.

हे नाव कुणाच्या नावावर नोंदवलंय तेही तपासा. आमचं त्या मुलाच्या नावावर निघालं. वाईट हेतू नव्हता त्याचा, पण तो गाव सोडून नोकरीला गेला असता आणि नूतनीकरणाचा निरोप त्याच्याच ईमेलवर गेला असता, तर लेबलं छापून आम्ही बसलो असतो. आता नोंद गटाच्या नावावर आहे आणि ईमेलही गटाचा आहे. ओटीपी सचिवांच्या फोनवर येतो. मुदतीची तारीख इतिवृत्ताच्या वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवली आहे.

तपासणी बैठकीतच होते, त्याला शिकलेलं माणूस लागत नाही. चार जणींचे चार फोन घ्यायचे, ज्यांच्यावर दुकान आधी कधी उघडलेलं नाही असे. प्रत्येकीनं चारातला एक पत्ता सुरुवातीच्या एचटीटीपीपासून पूर्ण टाकायचा. उघडलं की वरच्या पट्टीवर बोट ठेवून पूर्ण पत्ता बघायचा, कारण फोन एचटीटीपीएस आणि तीन डब्ल्यू बऱ्याचदा लपवून ठेवतो. चौघींकडे अक्षर न अक्षर तोच पत्ता आला पाहिजे. मग एकीनं टोपली भरून पैसे भरायच्या पानापर्यंत जायचं. क्यूआर कोड छापला असेल तर तोही स्कॅन करून बघा, त्याच्या पोटात जुना पत्ता असू शकतो. आमच्याकडे होता.

प्रदर्शनासाठी पूर्वी छापलेली, तीन डब्ल्यू असलेली पत्रकं अजून दीड गठ्ठा कपाटात आहेत. ती टाकून दिली नाहीत, प्रत्येक पार्सलात एक घालतो. त्यावरचा पत्ता टाकला तरी गिऱ्हाईक आता बरोबर दारात येतं.