अमियाटाच्या अंगणातली कढत कुंडं

इटलीतल्या सातुर्नियाच्या गरम पाण्याच्या धबधब्याला फाटक नाही, तिकीट नाही आणि बंद व्हायची वेळही नाही. जुन्या पाणचक्कीच्या दगडी इमारतीशेजारून ३७.५ अंश सेल्सिअसचं पाणी कोसळतं आणि खालच्या पांढरट कुंडांमधून पायरीपायरीनं उतरत जातं. गंधकाचा वास आधी नाकाला झोंबतो, मग सरावतो. पाण्याचा रंग दुधाळ निळसर, आणि काठावर बसलं तरी हाताला दगडाचा गुळगुळीत, किंचित बुळबुळीत थर लागतो. थंडीच्या पहाटे पाण्यावर एवढी वाफ साचते की शेजारच्या कुंडातला माणूस दिसत नाही, त्याचं बोलणं तेवढं ऐकू येतं.

हाच झरा वरच्या अंगाला एका पंचतारांकित हॉटेलाच्या आवारात उगवतो. तिथे त्याच पाण्यात डुंबायला चांगले पैसे मोजावे लागतात, आणि ते पाणी ओढ्यानं वाहत खाली आलं की सगळ्यांचं होतं. दंतकथा सांगते की माणसांच्या सततच्या लढायांना वैतागून सॅटर्न देवानं वज्र फेकलं, जमीन दुभंगली आणि हे पाणी बाहेर आलं.

भूशास्त्राचं म्हणणं वेगळं असलं तरी कमी नाट्यमय नाही. दक्षिण तस्कनीत १७३८ मीटर उंचीचा मोंते अमियाटा हा विझलेला ज्वालामुखी उभा आहे. त्याचा उद्रेक थांबून लाखो वर्षं लोटली, पण पोटातली धग अजून शिल्लक आहे. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी चुनखडीच्या भेगांमधून खोल झिरपतं, तापतं, वाटेत चुना आणि गंधक विरघळवून घेतं आणि पायथ्याशी पुन्हा वर येतं. उघड्यावर आल्याबरोबर त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुन्याचा थर खाली बसतो. ट्रॅव्हर्टाइन नावाचा हा दगड असाच तयार होतो. रोमचं कोलोसियम ज्या ट्रॅव्हर्टाइननं बांधलं, तो रोमजवळच्या तिवोलीच्या खाणींतला, आणि तिथेही गंधकाच्या पाण्याचे झरे आहेत. कोकणातल्या किंवा वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची गोष्ट मात्र निराळी. दख्खनचा लाव्हा कधीच थंड झाला; तिथलं पाणी जमिनीत खोलवर उतरल्यामुळे तापतं. तस्कनीत उष्णता इतकी वर आहे की १९०४ मध्ये लार्देरेल्लो इथे पिएरो जिनोरी कोंती यांनी जमिनीतल्या वाफेवर वीज तयार करून पाच दिवे पेटवून दाखवले. भूऔष्णिक विजेची जगातली सुरुवात ती.

चार-पाच दिवसांच्या इटलीच्या सहलीत रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस अशी पळापळ करण्याऐवजी अमियाटाच्या आसपास एका गावात मुक्काम ठोकला, तर तासा-दीड तासाच्या टापूत तीन-चार प्रकारचं गरम पाणी अनुभवता येतं. प्रत्येक ठिकाणी त्या पाण्याचा मान वेगळा.

बान्यो विन्योनी हे त्यातलं सगळ्यांत विलक्षण गाव. इटलीतल्या गावात चर्चसमोर फरसबंद चौक असतो. इथे चौकाच्या जागी पाण्यानं भरलेला मोठा आयताकृती हौद आहे. भोवताली दगडी घरं, एका बाजूला कमानींचा ओटा, आणि मधोमध बुडबुडे सोडणारं, जवळपास पन्नास अंशांचं पाणी. त्यात उतरायला आता बंदी आहे. चौदाव्या शतकात सिएनाच्या कॅथरीनला तिच्या आईनं इथे आणलं होतं. मुलीच्या डोक्यातून वैराग्य जावं हा आईचा हेतू. मुलीनं मात्र अंग भाजेल असं सर्वांत कढत पाणी शोधून काढलं, असं तिच्या चरित्रकारानं लिहून ठेवलं आहे. पुढे ती संत झाली आणि हौदाकाठच्या ओट्याला तिचंच नाव मिळालं. रशियन दिग्दर्शक आंद्रेई तार्कोव्हस्कीनं ‘नोस्ताल्जिया’ या १९८३ च्या चित्रपटात हाच हौद रिकामा करून दाखवला: विझू पाहणारी मेणबत्ती हातात धरून नायक तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करतो. हौदातून वाहून जाणारं पाणी गावाखालच्या उतारावर जुन्या पाणचक्क्या फिरवायचं. कातळात कोरलेले त्यांचे पाट आजही दिसतात आणि त्यात पाय सोडून बसता येतं.

तिथून गाडीनं थोडक्याच वेळात बान्यी सान फिलिप्पो येतं. इथे झाडीतून पायवाट उतरते आणि समोर पांढराशुभ्र चुनखडीचा कडा उभा राहतो. लोक त्याला ‘पांढरा देवमासा’ म्हणतात. उगमापाशी पाणी ४८ अंशांचं असतं, खाली ओढ्यात मिसळत जातं तसं सोसवेल असं होतं. प्रत्येक डबक्याचं तापमान वेगळं असल्यानं आधी पाय घालून मगच बसायचं. कड्यावर चढू नये. तो थर ठिसूळ असतो. इथेही तिकीट नाही, आणि त्याच कारणानं कपडे बदलायची खोलीही नाही.

सान काशानो देई बान्यी या गावाची ख्याती २०२२ नंतर जगभर गेली. गावाबाहेरच्या कुंडाच्या उत्खननात पुरातत्त्वज्ञ याकोपो ताबोल्ली यांच्या चमूला गरम चिखलात दोन डझन काशाच्या मूर्ती सापडल्या, आणि त्यांच्याबरोबर हजारो नाणी. काळ इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक ते इसवी सनाचं पहिलं शतक. मूर्तींवर एट्रस्कन आणि लॅटिन अशा दोन्ही भाषांतले लेख आहेत. एकमेकांशी लढणाऱ्या एट्रस्कन आणि रोमन या दोन समाजांचे लोक या कुंडावर मात्र एकत्र येत होते, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. देवतांच्या मूर्तींखेरीज काशाचे कान, हात, पाय असे सुटे अवयवही निघाले. बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हातपाय वाहतात, तसेच हे नवस. पाचव्या शतकात ख्रिस्ती धर्माचा जम बसल्यावर हे देवस्थान बंद झालं आणि त्याचे खांब कुंडातच आडवे केले गेले. चिखल आणि गरम पाणी यांनी मूर्ती जपल्या. २०२३ मध्ये त्या रोमच्या क्विरिनाले राजवाड्यात मांडल्या गेल्या.

गरम पाण्याला औषध मानण्याची ती चाल इटलीत अजून मोडलेली नाही. डॉक्टरनं चिठ्ठी दिली, तर सरकारी आरोग्यसेवा मान्यताप्राप्त केंद्रातल्या स्नान, वाफ किंवा चिखलाच्या लेपाच्या उपचारांचा बराचसा खर्च वर्षातून एकदा उचलते. म्हणून तिथल्या केंद्रांत पर्यटकांच्या शेजारी गुडघे धरून आलेले आजी-आजोबाही दिसतात.

पाहुण्यांनी काही गोष्टी सांभाळाव्यात. गावांना बसची सोय तुटपुंजी असल्यानं गाडी भाड्यानं घेणं सोयीचं. त्यासाठी भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय चालक परवाना लागतो. जुन्या गावांच्या वेशीपाशी ‘झेडटीएल’ (मर्यादित वाहतूक क्षेत्र) अशी पाटी दिसली की आत गाडी घालू नये. तिथे कॅमेरे असतात आणि दंडाची नोटीस महिन्यांनी घरी येते. चांदीचे दागिने मुक्कामीच ठेवावेत, गंधकानं ते काळे पडतात. बुळबुळीत दगडांसाठी पाण्यातले रबरी बूट न्यावेत. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर यावं, पाणी प्यावं; हृदयविकार, रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावं. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार टाळावेत; शरद ऋतू आणि हिवाळा या पाण्याला खरा न्याय देतात.

परतीच्या वाटेवर विटेर्बो लागतं. तिथल्या बुल्लिकामेच्या उकळत्या डोहाचा दाखला दान्तेनं ‘इन्फर्नो’त नरकातल्या लाल प्रवाहासाठी दिला आहे. त्या डोहात कोणी उतरत नाही. आंघोळीसाठी जवळच ‘पोपांची स्नानगृहं’ या नावाचं तिकिटाचं केंद्र आहे. पंधराव्या शतकात पाचव्या निकोलस या पोपनं इथे स्वतःसाठी स्नानगृह बांधून घेतलं होतं. रोम तिथून सुमारे ऐंशी किलोमीटर. रात्रीचं विमान असेल तर सकाळी इथे डुंबून दुपारी निघता येतं. ओले कपडे तेवढे वेगळ्या पिशवीत घट्ट बांधून ठेवायचे, नाहीतर गंधकाचा वास सगळ्या बॅगेला लागतो.