कातडी ठेय रे, विंग्ज कोरियन व्हायच्यात!

2025 मध्ये गटारी नेमकी गुरुवारी आली. ज्यांच्या घरी गुरुवार पाळतात त्यांची पंचाईत, त्यामुळे आदल्या रविवारीच चिकन सेंटरवर झुंबड उडाली. त्यात मासेमारीची बंदी 31 जुलैपर्यंत. मालवणात एरवी कोंबडीला सुरमईची स्पर्धा असते. पावसाळ्यात मैदान कोंबडीला मोकळं. पण वडे-कोंबडीचं ताट पुढे आलं की घरातली कॉलेजची मंडळी नाक मुरडतात. त्या वर्षी 27 जूनला ‘स्क्विड गेम’ या कोरियन मालिकेचं शेवटचं पर्व आलं, ते रात्र जागून बघून झालं, तेव्हापासून त्यांना हव्यात कोरियन विंग्ज. तिखट, चिकट आणि कुरकुरीत.

रील्समधली पाककृती गोचुजांग या कोरियन मिरचीच्या पेस्टच्या लाल डब्यापासून सुरू होते. तो ऑनलाइन मागवला की निम्मं काम झालं, असा समज. माझं म्हणणं, खरी अडचण डब्याच्या आधी, चिकनवाल्यापाशीच येते. आपल्याकडे ब्रॉयलर कापला की कातडी अंगातल्या सदऱ्यासारखी ओढून काढतात. ‘ठेय ती’ म्हणावं तर ‘कोण खाता ती?’ हा प्रश्न ठरलेला. गंमत म्हणजे गावठी कोंबडी आपण जाळावर भाजून कातडीसकट खातो, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही.

पंखात मांस असतं किती? सगळी मजा कातडीची. तिच्याखालची चरबी तळताना वितळते, कातडी सुकत जाते आणि पापडासारखी मोडते. कातडी काढलेले पंख म्हणजे पीठ लावलेली हाडं. तेव्हा आदल्या दिवशीच सांगून ठेवावं. घरी आणल्यावर सांध्यात सुरी घालून दोन तुकडे करावेत. टोकं फेकू नयेत, रश्श्याला उत्तम. मीठ, मिरपूड, आलं-लसूण चोळून तासभर फ्रीजमध्ये उघडेच ठेवावेत आणि मग फडक्याने कोरडे टिपावेत. पावसाळी दमट हवेत हे टाळून चालत नाही.

वरच्या आवरणाला कोरियात अनेकदा बटाट्याचं स्टार्च वापरतात. इथे कॉर्नफ्लोअर कुठल्याही वाण्याकडे मिळतं. त्यात चमचाभर तांदळाचं पीठ घालावं. बांगड्याला तांदळाचं पीठ लावणाऱ्या घराला ते का, हे समजवायला नको. मैदा मात्र नको. त्यातल्या ग्लुटेनमुळे कवच जाड आणि चिवट होतं.

मग तळणं, तेही दोनदा. आधी मध्यम तापलेल्या तेलात, साधारण 160 अंशांवर, सात-आठ मिनिटं. बाहेर काढून जाळीवर दहा मिनिटं ठेवायचे. या वेळात आतला ओलावा बाहेरच्या थरात येतो. मग तेल 190 अंशांच्या आसपास तापवून पुन्हा दोन-तीन मिनिटं; तो ओलावा वाफ होऊन उडतो आणि सॉस लावल्यावरही कवच टिकतं. हातात थर्मामीटर नसेल तर पिठाचा कण टाकून बघावा. पहिल्या वेळी तो सावकाश वर यावा, दुसऱ्या वेळी टाकल्याटाकल्या.

सॉसची कहाणी मला पाककृतीहून जास्त आवडते. 1977 मध्ये सोलमध्ये ‘लिम्स चिकन’ सुरू झालं, पण तिथलं चिकन नुसतं तळलेलं. तिखट-गोड लाल सॉसचं श्रेय देगू शहरात छोटं दुकान चालवणाऱ्या युन जोंग-ग्ये यांना दिलं जातं. काळ 1980 च्या आसपासचा. चिकन गार झालं की कवच कडक होऊन गिऱ्हाइकाच्या टाळूला टोचायचं, मांस कोरडं पडायचं, उरलेला माल वाया जायचा. म्हणून त्यांनी सॉस करून पाहिला. तिखट, लसूण सगळं घालूनही काहीतरी कमी पडत होतं. शेजारच्या एका म्हातारीने सांगितलं, त्यात पाकासारखं मुलयॉत घालून बघ. ते स्टार्चपासून केलेलं घट्ट गोड सिरप. जगभर विकला जाणारा पदार्थ असा शेजारणीच्या एका वाक्याने जमून आला! केकचं सामान विकणाऱ्या दुकानातलं लिक्विड ग्लुकोज याचं जवळचं भावंड. मला काकवी चालते. रंग काळपट येतो, आला तर आला.

आता वादाचा मुद्दा. ‘गोचुजांग कशाला, मालवणी मसाला घाला’ असं हमखास सुचवलं जातं. घालू नका. मालवणी मसाल्यात धणे, लवंग, बडीशेप, दगडफूल. त्याला खोबऱ्याचं वाटण हवं आणि सावकाश शिजणं हवं. सॉसमध्ये तो कच्चाच लागतो. गोचुजांग म्हणजे मिरची, चिकट तांदूळ आणि आंबवलेलं सोयाबीन. ती आंबूस खोली धण्या-लवंगेने येणार नाही. ‘फ्यूजन’च्या नावाखाली दोन्ही चांगल्या वस्तूंची वाट लावण्यात काय हशील? मिरची वाढवायची तर बेडगीची पूड घाला. कोरियन मिरचीसारखीच ती रंगाला गडद आणि तिखटाला बेताची.

किलोभर पंखांना दोन मोठे चमचे गोचुजांग, दोन काकवी, एक सोया सॉस, एक व्हिनेगर, सहा-सात ठेचलेल्या लसूणपाकळ्या. कढईत बुडबुडे येईपर्यंत उकळून गॅस बंद करावा, मग पंख टाकून भराभर परतावेत. जास्त सॉस ओतला की दोनदा तळण्याचा खटाटोप फुकट.

सोबत कोरियात पांढऱ्या मुळ्याच्या फोडी व्हिनेगर, साखर, मिठात मुरवून देतात. मुळा आपल्या बाजारात असतोच, तो आदल्या रात्री मुरत घालावा. सोलकढी? ती प्या खुशाल, पण जेवण झाल्यावर. चिकट-गोड सॉसवर नारळाचं दूध जड होतं.