दारें मिटण्याचा सण

कोंकणांतील बेने इस्रायलांना पूर्वीं ‘शनवार तेली’ म्हणत. कारण घाणा चालविणारे हे यहुदी शनिवारीं काम बंद ठेवीत. योम किप्पूर हा त्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस. त्या दिवशीं ते दारें लावून घरांतच कडकडीत उपवास करीत. म्हणून तो दारें मिटण्याचा सण. दुसऱ्या दिवशीं ‘शिळा सण’, म्हणजे दानधर्म व आप्तेष्टांच्या भेटी. पुढें १७९६ सालीं मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर उभें राहिलें. मात्र सामुदायिक प्रार्थनेस परंपरेनें दहा प्रौढ पुरुष लागतात. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबें इस्रायलला गेलीं. आतां लहान गांवीं दहा माणसें जमविणें हीच चिंता. दार मिटून उपवास एकट्यासही करतां येतो. सामुदायिक प्रार्थना मात्र दहावा माणूस आल्यावांचून होत नाहीं.