हिवाळ्यात लावलेली हरळी

मंडळी, अनसिंगकडची आपली जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात तिचा चिखल होतो. उताराच्या अंगणातली माती तर पावसाबरोबर वाहून जाते. एका शाळेपुढे असेच झाले. भिंतीचा पाया उघडा पडू लागला. तेव्हा आम्ही ठरवले, तिथे हरळी लावायची.

हरळी म्हणजे तीच, जिच्या दुर्वा आपण गणपतीला वाहतो. तिच्या काड्या जमिनीवर पळत जातात. पेरापेराला मुळे फुटतात. ती मुळे माती धरून ठेवतात.

दिवस डिसेंबरचे होते. विहिरीला पाणी होते, म्हणून आम्ही घाई केली. महिन्याभरात हरळी पिवळी पडली. लोक म्हणाले, "गुरुजी, मेली तुमची हरळी. उपटून टाका." आम्हालाही तसेच वाटले. पण एक काडी नखाने खरवडून पाहिली. आत ती पांढरी व ओलसर होती. मग आम्ही थांबलो. होळीच्या सुमारास हिरवे कोंब आले.

असे का झाले? हरळी हे उन्हाचे गवत आहे. २५ अंशांच्या वर उष्णता असली, की ते जोमाने वाढते. १५ अंशांच्या खाली वाढ जवळजवळ थांबते. थंडीत हरळी झोपते, मरत नाही. इंग्लंडात लोक हिवाळ्यातही गवत अंथरतात. पण तिकडचे गवत थंडीला सोसणारे असते. त्यांची रीत आपल्याला लागू नाही.

आपल्याकडे हरळीला खरा हंगाम पावसाळ्याचा. पण हिवाळ्यात लावायचीच असेल, तर नुसत्या काड्या लावू नका. मातीसकट तुकडे काढा. तुकडा वीतभर रुंद, हातभर लांब व दोन बोटे जाड असावा. सगळे गवत एकाच जागचे खरवडू नका. मध्ये पट्टे सोडा, नाहीतर तिथली माती वाहून जाईल. नाल्याच्या काठाला तर हात लावू नका.

जमीन खणून, ढेकळे फोडून सपाट करा. काढलेले तुकडे त्याच दिवशी अंथरा. भिंतीच्या विटांसारखे सांधे चुकवा. उतारावर बांबूच्या खुंट्या ठोका. सांध्यांत माती भरा, धुम्मसाने हलके दाबा. पाणी सकाळी द्या, तेही बेताने. काळ्या मातीत पाणी साचले, तर मुळे कुजतात. त्यावर गुरे व माणसे फिरू देऊ नका. काही आठवड्यांनी तुकडा हळूच ओढून पाहा. उचलला नाही, तर मुळे धरली असे समजा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. अंगणातली हरळी सोबतीण, पण शेतातली हरळी वैरीण. पऱ्हाटीत किंवा तुरीत शिरली, की ती निघता निघत नाही. उरलेल्या काड्या वावरात किंवा उकिरड्यावर फेकू नका. उन्हात कडक वाळवून जाळा. बांधावर गवत हवे असेल, तर मारवेल लावा. ते माती धरते आणि गुरांना चाराही होतो.

पिवळे दिसले म्हणून लगेच उपटू नका. आधी काडी खरवडून पाहा.