अजिंठ्याच्या रंगविलेल्या भिंती

खानदेशातील जामनेरहून दक्षिणेकडे निघाले, की पहूर मागे पडल्यावर अजिंठ्याचा डोंगर दिसू लागतो. याच डोंगरातून वाघूर नदी येते व जामनेर तालुक्यातून वाहत जाऊन पुढे तापीस मिळते. डोंगरात या नदीने घोड्याच्या नालासारखे एक मोठे वळण घेतले आहे. त्या वळणावरील उंच कड्याच्या पोटात सुमारे ३० लेणी कोरलेली आहेत. हीच जगप्रसिद्ध अजिंठ्याची लेणी होत.

ही लेणी बौद्ध भिक्षूंच्या निवासासाठी व उपासनेसाठी कोरली गेली. त्यांपैकी नववे व दहावे ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. पुढे पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात येथील काम पुन्हा जोमाने सुरू झाले. हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे करविले, असे तेथील शिलालेखावरून कळते.

डोंगर फोडून काढलेली जागा कशी असते? भिंती काळ्या कातळाच्या, छत जड व सपाट, आणि उजेड काय तो दारातून व मोजक्या खिडक्यांतून येणारा. पहिल्या लेण्याचा मुख्य मंडप सुमारे ६४ फूट लांब व तितकाच रुंद असून त्यात २० खांब आहेत. एवढी मोठी जागा तशीच उघडी ठेवली असती, तर ती एखाद्या अंधाऱ्या कोठारासारखी भासली असती. परंतु चित्रकारांनी तिचे रूप पार पालटून टाकले. ते त्यांनी कसे साधले, हे पाहण्यासारखे आहे.

रंगकामाची सुरुवात भिंतीपासूनच होई. कातळ गुळगुळीत केला तर त्यावर माती टिकत नाही. म्हणून टाकीचे घाव मुद्दाम तसेच ठेवीत. त्या खडबडीत पृष्ठभागावर मातीचा पहिला जाड गिलावा देत. मातीत बारीक खडे, भाताचे तूस व गवताचे तंतू कालवलेले असत. खेड्यातील मातीच्या घरांसाठी गारा करताना त्यात भुसा मिसळतात, तो याच कारणासाठी. तंतूंमुळे माती एकमेकींस धरून राहते आणि वाळताना तिला भेगा पडत नाहीत. पहिल्या थरावर बारीक मातीचा दुसरा थर चढवीत व शेवटी चुन्याचा पातळ हात फिरवीत. अशा रीतीने काळा कातळ पांढरा होऊन चित्रासाठी तयार होई.

रंगही बहुतेक जवळपासच्या मातीतून व खडकांतूनच मिळविलेले होते. तांबडा रंग गेरूचा, पिवळा पिवळ्या मातीचा, काळा काजळीचा आणि हिरवा एका प्रकारच्या हिरव्या खनिजाचा. निळ्या रंगासाठी मात्र राजावर्त हा मौल्यवान दगड लागे, आणि तो दूरच्या अफगाणिस्तानाकडून येई. रंगांची पूड चिकट द्रव्यात कालवून ती वाळलेल्या पृष्ठभागावर लावीत. इटलीतील प्रसिद्ध भित्तिचित्रांत ओल्या चुन्यावर रंग देण्याची रीत आढळते; अजिंठ्याची पद्धत तिच्याहून वेगळी आहे. प्रथम तांबड्या रेषेने आकृती काढीत, मग तिच्यात रंग भरीत आणि अखेरीस गडद रेषेने तिचा घाट स्पष्ट करीत.

या रंगांनी दगडाचे जडपण जणू नाहीसे केले. छतावर चौकोन व वर्तुळे आखून त्यांत फुले, फळे, पक्षी व हत्ती रंगविले आहेत. त्यामुळे डोक्यावर कातळ नसून चित्रांनी सजविलेला चांदवा ताणला आहे, असा भास होतो. भिंतींवर जातककथा पसरल्या आहेत. त्यांतील प्रसंगांना चौकटी नाहीत. एखादे झाड किंवा एखादा महाल मध्ये येतो आणि कथा पुढे सरकते. चालता चालता पाहणाऱ्यापुढून राजवाडे, अरण्ये व नगरे जाऊ लागतात. गाभाऱ्याच्या वाटेवर हाती कमळ घेतलेला पद्मपाणी उभा आहे. त्याच्या खाली झुकलेल्या डोळ्यांतील करुणा पाहून मनुष्य आपोआप स्तब्ध होतो. बंद दालनाला चित्रकारांनी असे विशाल केले.

पुढे लेणी ओस पडली व विस्मृतीत गेली. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने ती पाहिली. त्याने दहाव्या लेण्यातील चित्रावरच आपले नाव कोरले! यानंतर चित्रांच्या नकला करण्याचे प्रयत्न झाले. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून पुष्कळ वर्षे खपून मोठ्या नकला केल्या. १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. नंतर मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स व त्याचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून नव्याने नकला केल्या. त्यांपैकीही अनेक १८८५ मधील लंडनच्या आगीत नष्ट झाल्या.

मूळ चित्रांना वाचविण्याचे कामही सोपे नव्हते. १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानाने दोन इटालियन तज्ज्ञ बोलावून सुटणारा गिलावा पक्का करविला. तथापि चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण कालांतराने पिवळे पडले आणि पुढे रसायनतज्ज्ञांना ते मोठ्या जपणुकीने काढावे लागले. १९८३ मध्ये युनेस्कोने अजिंठ्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत केला.

ही चित्रे कातळावर असली, तरी ती कातळाइतकी टणक नाहीत. त्यांचा खरा आधार मातीचा पातळ थर हाच आहे. दमट हवेने तो सुटतो, त्यातील तूस किडे खातात, आणि हाताच्या नुसत्या स्पर्शानेही रंग झिजतो. म्हणूनच आत मंद दिवे ठेवतात, झगझगीत प्रकाश पाडून छायाचित्रे घेण्यास मनाई करतात आणि वाहने दूर फर्दापूरच्या तिठ्याजवळ थांबवितात. एखादे जळालेले पुस्तक पुन्हा छापता येते. गळून पडलेला गिलावा मात्र त्या जुन्या चित्रकारांच्या हातून पुन्हा रंगविला जाणार नाही. पंधराशे वर्षे टिकलेली ही संपत्ती पुढील पिढ्यांच्या हाती सोपविणे, हे आता पाहणाऱ्यांच्याच हाती आहे.