चित्रांची राखणदारी शिकायला परदेशी

तुरीच्या काढणीच्या सुमारास दारव्हा तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. शेतावरचे काम आटोपले आणि ओसरीवर चहा घेताना घरधन्याने विषय काढला. "साहेब, पोरगी नागपूरले चित्रकला शिकते. आता म्हणते का, इटलीच्या एका संग्रहालयात तीन महिने काम शिकाले जातो. तिथं चित्रं राखा लागतात म्हणे. राखणदारी तं मी वावरातच शिकवली असती!"

सगळे हसले. पण दोन एकर गहाण टाकावे लागतील, ही काळजी त्याच्या तोंडावर दिसत होती. मुलीने आणलेली माहिती वाचून मी त्याला जे सांगितले, तेच शेतकरी बंधू-भगिनींसाठी इथे लिहितो.

व्हेनिस शहरात मोठ्या कालव्याच्या काठी पेगी गुगेनहाइम या अमेरिकन बाईंनी जमवलेली आधुनिक चित्रे त्यांच्याच राहत्या वाड्यात मांडलेली आहेत. तिथे देशोदेशीचे विद्यार्थी उमेदवारी करतात. दालनात पहारा द्यायचा, तिकिटे द्यायची, पाहुण्यांना चित्रे समजावून सांगायची. त्याबद्दल विद्यावेतन मिळते. याच वाड्यात २०१५ च्या ऑक्टोबरपासून २०१६ च्या जानेवारीपर्यंत वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले होते. गायतोंडे १९२४ साली आपल्या नागपुरातच जन्मले. ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि १९६४ साली शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. म्हणजे हा रस्ता अगदीच अनोळखी नाही.

आता राखणदारीविषयी. चित्र राखणे म्हणजे नुसते काठी घेऊन बसणे नव्हे. दोरीवर वाळणाऱ्या लुगड्याचा रंग उन्हाने उडतो, तसाच जुन्या कागदाचा व कापडाचा रंग दिव्याच्या उजेडानेही हळूहळू उडतो आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर ५० लक्स इतकाच, म्हणजे अगदी मंद, उजेड ठेवतात. हवा दमट झाली की बुरशी धरते. ओल सारखी कमी-जास्त झाली की लाकूड तडकते आणि रंगाचे पोपडे सुटतात.

कसरीचा बंदोबस्त तर आपल्या ओळखीचाच आहे. गुलाबी बोंडअळीसाठी आपण कपाशीत कामगंध सापळे लावतो, तसेच सापळे लोकरी कापड खाणाऱ्या पतंगासाठी संग्रहालयात लावतात. किती पतंग सापडले ते मोजायचे आणि मग उपाय ठरवायचा. कीड लागलेले कापड पिशवीत बंद करून उणे ३० अंश थंडीत तीन दिवस ठेवले की विष न वापरताही अळी मरते.

इतका वेळ दाराआड उभी असलेली मुलीची आई बोलली, "माह्या सासूचं लुगडं पेटीत हाये, निंबाचा पाला टाकून. हेच शिकवतात काय तिथं?" मी म्हटले, "वहिनी, हेच. फक्त मोजमाप करून."

पुढे पोटापाण्याचे काय? नागपूरचा अजब बंगला १८६३ सालापासून उभा आहे. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. बडोद्याच्या विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र शिकवतात. वाव आहे, पण जागा थोड्या आहेत. हे मुलांना आधीच स्पष्ट सांगावे.

आणि हिशेब आधी मांडावा. विमानभाडे, व्हिसा, खोलीभाडे आणि जेवण एका बाजूला, विद्यावेतन व शिष्यवृत्ती दुसऱ्या बाजूला. मध्ये कोणी दलाल पैसे मागू लागला तर थांबावे आणि थेट संग्रहालयालाच पत्र लिहून विचारावे. परदेशी जाण्याआधी अजब बंगला नीट पाहून यावा आणि तिथल्या जाणकारांशी बोलावे. बोलण्यापुरती इंग्रजी पक्की करावी.

त्या रात्री त्या घरी ठरले, की जमीन गहाण टाकायची नाही. शिष्यवृत्ती मिळाली तर जायचे, नाही तर शिक्षण पुरे करून पुन्हा प्रयत्न करायचा. मुलीनेही ते मान्य केले. निघताना बाप म्हणाला, "साहेब, अर्ज कसा लिवाचा तेवढं तिले सांगून द्या."